वैयक्तिक सामान, शुक्रवारपर्यंत

शुक्रवारपर्यंत सगळ्यांनी टेबलावरचं वैयक्तिक सामान घरी न्यावं, असं फर्मान निघालं. सोमवारपासून कुणाचं टेबल कुणाचं नाही. सकाळी येईल त्याने रिकामी जागा बघून बसायचं. याला म्हणे मोकळेपणा म्हणतात.

शेजारच्या टेबलावरच्या बाईचं सामान आवरायला दोन दिवस लागले. तीन कुंड्या, मुलांचे फोटो, त्यांच्यामागे दडलेला नवऱ्याचा फोटो, पाठीची उशी. "तुझं काय गं?" तिने विचारलं.

"हा फोन."

"तो तर ऑफिसचा!" ती हसत सुटली.

खरंच होतं ते. बावीस वर्षांत मी टेबलावर काही ठेवलं नाही. फोटो तरी कुणाचा ठेवणार? घरी मी एकटी, आणि स्वतःचाच फोटो समोर ठेवून काम करावं इतकी मी मला आवडत नाही. पण त्या फोनच्या रिसीव्हरचा रंग माझ्या बोटांनी उडाला होता, आणि रोज चारच्या ठोक्याला तो वाजायचा. बाबांचा फोन.

बाबा दूर, जुन्या घरात, सांभाळायला एक मावशी. आपण जेवलो का, हे ते विसरतात. आई गेली, हेही विसरतात. पण मला नोकरी लागली त्या आठवड्यात पाठ केलेला हा नंबर पक्का. मी म्हणायचे, "हॅलो, तक्रार विभाग." ते म्हणायचे, "एक तक्रार आहे. आमची मुलगी घरी येत नाही." मग मी हसायचे. खोटं कशाला बोलू, बऱ्याचदा "बाबा, मीटिंगमध्ये आहे" म्हणून ठेवून द्यायचे. मीटिंग कसली डोंबलाची! तेच ते ऐकून कंटाळा यायचा.

टेबलांबरोबर त्यांवरचे फोनही बंद होणार होते. मी साहेबांकडे गेले. म्हटलं, टेबल घ्या, खुर्ची घ्या, एवढा नंबर चालू ठेवा. "एका माणसासाठी?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हो, एकासाठीच. त्यांनी डायरीत लिहून घेतलं. ते डायरीतच राहिलं.

रविवारी बाबांकडे गेले. माझा मोबाइल नंबर मोठ्या अक्षरांत लिहून फोनच्या वर भिंतीला चिकटवला. बाबांनी तो मोठ्याने वाचला, शाबासकी दिल्यासारखी मान हलवली आणि जुनाच नंबर फिरवला. दहादा समजावलं. शेवटी मी ओरडले. ते घाबरून गप्प बसले.

सोमवारी खिडकीजवळची कुणाची तरी जागा मिळाली. चारला मीच बाबांना फोन लावला. एंगेज. मंगळवारी एंगेज, बुधवारीही. गुरुवारी मावशींच्या मोबाइलवर केला.

"अहो ताई, ते चारला तुम्हालाच लावत असतात," मावशी म्हणाल्या. "तिकडून बाई सांगते, हा नंबर अस्तित्वात नाही. पुन्हा पुन्हा लावतात, दर वेळी सगळं नीट ऐकून घेतात. मग फोन ठेवून मला म्हणतात, मीटिंगमध्ये आहे."



शुक्रवारी सव्वाचारला जिन्यात जाऊन फोन लावला. लागला.

"कोण?"

"बाबा, मी."

"मी कोण?"

सांगून काही उपयोग नव्हता. मी घसा साफ केला. "हॅलो, तक्रार विभाग."

"हां! बरं झालं तुम्हीच केलात." आवाज एकदम ताठ झाला. "एक तक्रार आहे. आमची मुलगी तुमच्याकडे काम करते."

"हो."

"तिला एवढ्या मीटिंगा ठेवू नका. दमते हो पोर. सांगत नाही, पण आवाजावरून कळतं. लिहून घेताय ना?"

"घेतेय," मी म्हटलं. हाताशी कागद नव्हता, टेबल नव्हतं. पेन काढून तळहातावर लिहून घेतलं.