राजरत्नच्या नावाची चिठ्ठी

परळच्या त्या काचेच्या टॉवरशेजारच्या शाळेत, आठवीच्या वर्गात, आरटीईच्या कोट्यातून आलेली दोनच पोरं: संघमित्रा आणि राजरत्न. सोमवारी राजरत्न गच्चीवरून पडून गेला. आत्महत्या, असं शाळेने जाहीर केलं. चिठ्ठीही सापडली म्हणे. बुधवारी कॅन्टीनमध्ये पिझ्झा पार्टी. शी!

संघमित्रा इतकी लाजाळू की तिचं 'येस मिस' पुढच्या बाकापर्यंत पोचत नसे. पण राजरत्न तिच्या चाळीतला. रविवारीच नवे बूट घालून तो गॅलरीत धावून बघत होता. मरायला निघालेलं पोर असं करतं होय?

तिने धीर करून वॉचमनला विचारलं, "शिवाकाका, गच्चीची किल्ली कोणी नेली होती?"

"धनेशने. ट्रस्टीचा पोरगा, त्याला मी काय नाही म्हणणार? दोघं वर गेले, खाली तो एकटाच आला. मग किल्लीचं रजिस्टर तुमच्या ललिता मिस घेऊन गेल्या. माझं नाव घेऊ नको हां, नोकरी जाईल."

ललिता मिस! मंगळवारी संघमित्राला पोटाशी धरून त्याच रडल्या होत्या.

गुरुवारी राजरत्नच्या बाबांना, सीतारामकाकांना, शाळेने ऑफिसात बोलावलं. आमची काही तक्रार नाही, अशा कागदावर सही हवी होती. सही झाली की प्रकरण मिटलं. इंग्रजी वाचायला म्हणून काकांनी संघमित्राला सोबत नेलं.

ललिता मिसही तिथेच होत्या. टेबलावर चिठ्ठीची झेरॉक्स होती. एकेक अक्षर सुटं, ठोकळ्यासारखं. आणि वर मधोमध बारीकसा 'श्री', खाली दोन रेघा. फळ्यावर तारखेआधी मिस रोज काढायच्या, अगदी तसाच. राजरत्नच्या घरी बुद्ध आणि बाबासाहेब. बावीस प्रतिज्ञा त्याला तोंडपाठ. जन्मात त्याने कागदावर 'श्री' काढला नव्हता. पण बाईंना वाटलं असणार, सगळं जग तसंच लिहितं.

"बाळा, सही कुठे करायची ते काकांना दाखव," म्हणत मिसनी तिच्या पाठीवर हात ठेवला. ती अंग चोरून बाजूला सरकली.

"काका, सही नका करू," ती पुटपुटली. "ही मिसनी लिहिलीय."

"शॉक बसलाय हो पोरीला," मिस गोड हसल्या. "आरटीई आठवीपर्यंतच ना, पुढच्या वर्षी फी माफ करायचं चाललंय तिची."

काकांनी पेन खाली ठेवलं. "परत बोल, पोरी. जोरात."

ती बोलली. श्री, किल्ली, रजिस्टर, धनेश, सगळं सांगितलं. फक्त शिवाकाकांचं नाव घेतलं नाही. आवाज बाहेर शिपायापर्यंत गेला.

मिसचं हसू गेलं. "मी काय वाईट केलं?" त्या चिडून म्हणाल्या. "एक तर गेलाच होता. निदान चांगल्या घरातला तरी वाचू दे, म्हटलं."

काकांनी झेरॉक्स घडी करून खिशात घातली.

"चल पोलीस ठाण्यात," ते संघमित्राला म्हणाले. "बाई आत्ता जे बोलल्या, तेही तिथे सांग. शब्द बदलू नको."