ड्रमातली मरळ

परतवाड्याच्या बाजारात सत्यभामा आणि तिची मोठी जाऊ जाईबाई शेजारीशेजारी मासोळी विकायला बसत. तलाव एक, नवरे सख्खे भाऊ. पण जिवंत मरळ लागायची ती जाईबाईच्याच नवऱ्याच्या जाळ्याला. सत्यभामेच्या टोपलीत रोहू, पायलीचे पन्नास, दुपारपर्यंत मऊ पडणारे. दर रविवारी चार वाजता सेमाडोहच्या एका हॉटेलाची जीप यायची आणि ड्रायव्हर किशोर सत्यभामेला ओलांडून थेट जाईबाईच्या ड्रमापाशी जायचा. तेवढं एक गिऱ्हाईक आपलं व्हावं म्हणून सत्यभामेनं नवससुद्धा बोलून पाहिला होता.

त्या रविवारी सकाळीच जाईबाई बाजारातल्या जागेवरून उठली. "ड्रमाकडं पाहजो वं. मी डिंक-खारीक घेतो, दवाखान्यातही काम हाय. चारलेच येतो."

डिंक-खारीक! सत्यभामेच्या घरात साखर सरली होती. तिचं डोकंच फिरलं. तिनं नळावरून चार कळशा आणल्या, ड्रम काठोकाठ भरला आणि झाकण घट्ट लावलं. मरळ चिखलात जगते, ओल्या फडक्यात जगते. पण वर येऊन हवा घ्यायला जागा नसली, की पाण्यातच गुदमरते. भोयांच्या पोरासोरांनाही हे ठाऊक असतं. मग ती निवांत पान चघळत बसली.

चारला जाईबाई आली, मागोमाग किशोर.

"किशोरभाऊ, आता मरळ हिच्याकडून घेत जा," जाईबाई म्हणाली. "माह्या पोरीचं, आचलचं बाळंतपण हाय, मी तीन महिने वरूडले चालली. माह्या घरची मरळबी हेच विकन. सत्यभामे, काढ झाकण."

सत्यभामा टोपलीतले रोहूच सारखे करत बसली. शेवटी जाईबाईनंच झाकण काढलं. पाणी तिच्या पायांवर सांडलं. आत सगळ्या मरळी पांढरी पोटं वर करून पडल्या होत्या.

जाईबाईनं काठापर्यंतचं पाणी पाहिलं. मग जावेकडं पाहिलं.

"कसं काय मेल्या?" किशोरनं विचारलं.

"माह्याच हातानं पानी जास्त झालं, भाऊ," जाईबाई म्हणाली. "पुढच्या रविवारी सत्यभामा देईन तुले चांगल्या."

किशोर रिकाम्या हातानं गेला. जाईबाई पदरानं पाय पुसून खारकेची पिशवी आवरू लागली. तिनं चारचौघांत झिंज्या धरल्या असत्या तर सत्यभामेला बरं वाटलं असतं. मरळ मिळाली, गिऱ्हाईक मिळालं. पण असं मन काही आपल्याकडं नाही, तेही हिच्याचकडं आहे, हे पाहून सत्यभामा जितकी जळली, तितकी उभ्या जन्मात जळली नव्हती.