रघूचा अंगठा

"ताई, तो इस्क्रू फिरवू नका! जरा थांबा."

दारातून आलेल्या हाकेनं वृंदाचा हात जागच्या जागी थांबला. मालू जोह्याहून एसटीनं पेणला आली होती. ओल्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी तिनं तान्ह्या पोरासारखं छातीशी धरलं होतं.

"कंपनीतल्या विठूनं सांगितलं, आज पेटी पुसताय म्हणून."

टेबलावर पेटी होती, रोह्याच्या एका केमिकल कंपनीतली. गॅसचा व्हॉल्व्ह उघडायचा तर आधी हिच्यावर अंगठा टेकायचा. पेटी वृंदानंच घडवलेली. अंगठ्याची ओळख आतल्या चिपमध्ये अशी कोंडलेली, की खुद्द वृंदालाही ती बाहेर काढता येऊ नये. झाकणाचा स्क्रू सैल झाला की सगळं पुसलं जाणार. आणि कुणाचं नाव काढायचं तर त्याचाच अंगठा हवा, म्हणजे परस्पर कुणी कुणाला घालवू नये. सगळा विचार केला होता बाईनं; माणूस मरतो, तेवढं राहून गेलं.

मालूचा नवरा रघू त्याच कंपनीत होता; आषाढात तापानं गेला. तेव्हापासून दर शिफ्टला पेटी त्याच्या अंगठ्याची वाट बघे, स्क्रीनवर अक्षरं उमटत : 'रघू यायचा आहे.' माणसं त्या खोलीत एकटी जाईनात. शेवटी सगळंच पुसायला कंपनीनं पेटी परत धाडली.

"गणपतीच्या सीझनात ही त्याला घ्यायची नाय," मालू म्हणाली. "मूर्ती घासून घासून अंगठा पार गुळगुळीत. घरी येऊन तुमच्या नावानं शंख."

"मला तोंडावरच म्हणायचा. ताई, तुमची पेटी बायकोपेक्षा संशयी!"

दोघी हसल्या. मग त्या हसण्याचं काय करावं, ते दोघींनाही कळेना.

मालूनं फडकं सोडलं. शाडूचा अर्धवट गणपती. त्याच्या पाठीवर, ओल्या मातीत, एक अंगठा रुतलेला.

"घासायचा राहिला, म्हणून ऱ्हायलाय. एकदा लावून बघू, ताई? हिरवा दिवा लागून 'रघू आला' असं येतं म्हणे. तेवढंच बघायचंय."

"नाही गं होणार. ती जिवंत बोटच घेते. ऊब बघते, नाडी बघते." हे सांगताना एरवी वृंदाचा आवाज थोडा चढायचा. आज उतरला.

"मंग ऊब देते की मी."

मालूनं ती पाठ तळव्यांत धरली, बराच वेळ. मग माती काचेला टेकवली. लाल दिवा. पुन्हा टेकवली. लाल.

'रघू यायचा आहे.'

आपलं काम कुठंतरी कच्चं राहायला हवं होतं, असं वृंदाला जन्मात पहिल्यांदा वाटलं.

"बराबर हाय तुमची पेटी," अखेर मालू म्हणाली. "गेलेल्याला आला म्हणत नाय. आना इकडं, मीच फिरवते."

स्क्रू सैल झाला. अक्षरं गेली.

मालूनं मोरीत जाऊन फडकं भिजवून आणलं. माती वाळली तर तडकणार, ओली ठेवली तर अंगठ्याच्या रेघा बुजणार. मूर्ती घडवणाऱ्या घरातल्या बाईला वृंदानं ते काय सांगायचं? मालूनं फडकं घट्ट पिळलं, गणपतीला गुंडाळलं, आणि पाठीवरची तेवढी जागा उघडी ठेवली.