चंद्राचं खोकं

माणूस चंद्रावर चालून आला त्याला पंधरवडाही झाला नव्हता, आणि वडगाव रासाईच्या इब्राहिम नावाड्याला एक फळी मिळत नव्हती. नावेचा तळ तीन वर्षं कुजत होता. नाव सरकारी, म्हणून पदरचा खिळा मारायचीही बंदी. भीमेच्या अलीकडे शिरूर तालुका, पलीकडे दौंड; मधलं पाणी कुणाचंच नाही. अलीकडचा साहेब अर्ज पलीकडे धाडी, पलीकडचा अलीकडे, आणि प्रत्येक वेळी तो अर्ज इब्राहिमच्याच नावेतून नदी ओलांडी. रोज चाळीस बाया खुरपायला पैलतीरी जात. नदी चढत होती. रोज त्यांना उतरवून झालं की इब्राहिम आधी मोजायचा, मग बिडी पेटवायचा.

अशा वेळी दौंडला गाडीतून उतरून सर्जेराव आले. अंतराळ प्रबोधन समितीचे अध्यक्ष. वडगावच्या शाळेत ‘मानवाचे अंतराळातील भवितव्य व त्यातील अडचणी’ या विषयावर व्याख्यान. सोबत दोघांनाही न उचलवणारं लाकडी खोकं. आत प्लास्टरचा चंद्र. खुरपून परतणाऱ्या बारा बायांबरोबर ते नावेत बसले आणि सभा तिथंच सुरू झाली.

“येत्या पंचवीस वर्षांत चंद्रावर वस्ती होणार. अडचणी तीनच. हवा, इंधन आणि परत येणं.”

“आमाला येकच हाय बघा,” भामाबाई म्हणाली. “परत येनं.”

बाया हसल्या. इब्राहिम हसला नाही. मधल्या धारेत तळातून पाणी वर येत होतं. या नावेचा जुना नेम होता : पाणी ज्याच्या पायाशी, उपसणं त्याचं, मग तो पाटील असो वा फौजदार. त्यानं तेलाचा रिकामा डबा पुढं सरकवला.

“उपसा, सायेब.”

“मी? अरे, मी अध्यक्ष आहे!”

“व्हय. पन पानी तुमच्याच बुटात हाय.”

“हे काम तुझं. तक्रार करीन.”

इब्राहिमनं वल्हं आडवं ठेवलं.

“करा की. पर कुनाकडं? ही नदी कुनाची ते तुमच्या कचेऱ्यांना तीन वर्सं कळंना. चंद्र तरी कुन्या तालुक्यात बसवलाय?”

पाणी घोट्यापर्यंत आलं.

“इब्राहिमभाई,” भामाबाईनं विचारलं, “बाया टाकू का खोकं?”

“खोकं.”

सहा बायांनी चंद्र भीमेत लोटला. नाव चार बोटं वर आली. सर्जेराव मग कुणी न सांगता उपसू लागले. संध्याकाळी व्याख्यान झालं. अडचणींवर ते विशेष पोटतिडकीनं बोलले, असं मास्तर म्हणाले.

सर्जेरावांची तक्रार मात्र चंद्रयानाच्या वेगानं गेली. तीन वर्षं न सापडलेली हद्द चार दिवसांत दोन्हीकडच्यांना सापडली. पाचव्या दिवशी दुपारी अलीकडचा हवालदार आला, दोरीनं नाव खुंटीला बांधून त्यानं लाखेचं सील मारलं.

“आन् फळी?” इब्राहिमनं विचारलं.

“नाव आता पुरावा. हात लावायचा नाही.”

तेवढ्यात पैलतीरावरून हाळी आली. पलीकडचा हवालदारही जप्तीलाच आला होता, आणि जप्त करायला त्याला नाव हवी होती. त्याच्या मागं सकाळी गेलेल्या चाळीस बाया खुरपी घेऊन उभ्या होत्या. पाणी काठाची बाभळ गिळत होतं.

“जा, त्या हवालदारसाहेबांना घेऊन ये,” अलीकडचा म्हणाला. “तेवढ्यापुरतं सील सोडतो.”

“तुमी कशाला सोडताय,” इब्राहिम म्हणाला आणि विळ्याच्या एका घावात त्यानं दोरी तोडली. “येक गुन्हा हायच. दुसरा माज्या नावावर लिवा.”

पैलतीरी हवालदारानं सगळ्यांच्या आधी पाय पुढं टाकला. इब्राहिमनं वल्हं त्याच्या छातीला लावलं.

“मागं व्हा. पुराव्यात पाय ठेवायचा न्हाई. भामाबाई, ये. धा-धाच या, आन् डबा हातात घ्या.”

चार खेपा झाल्या. हवालदार चारही वेळा ओरडला. पाचवी खेप इब्राहिमनं मारली नाही.