सगुणाचा नवा दोर

थळच्या कोळीवाड्यात सगुणाएवढी काटकसरी बाई दिवा घेऊन शोधली तरी सापडली नसती. फाटकी स्लिपर ती कधी फेकायची नाही. तिचे तुकडे कापायचे, मधोमध भोक पाडायचं आणि जाळं तरंगावं म्हणून वरच्या दोरीला ओवायचे. गॅरेजवाल्यांकडून जळके स्पार्क प्लग मागून आणायची आणि शिशाऐवजी तेच जाळ्याला वजन म्हणून बांधायची. बायका तिला पाठीमागे हसायच्या आणि घरी जाऊन गुपचूप तेच करायच्या. तिचा नवरा धनेश तर चारचौघांत छाती फुगवून सांगायचा, "दुनियेनं फेकलेलं आमच्या जाल्याला चालतं. बायको हाय का मस्करी!"

इथवर ठीक होतं. चपलेचा तुकडा सुटून गेला तर गेला, दर्या काही त्यासाठी माणूस मागत नाही. पण नांगराचा दोर म्हणजे चप्पल नव्हे. आता हे त्या बाईला कळत नव्हतं असं कुणी म्हणू नये. चांगलं कळत होतं. म्हणून तर ऑक्टोबरातल्या त्या दुपारी ती दोन तास किनाऱ्यावर उभी होती.

सकाळी मोबाइलवर इशारा आला होता, दुपारनंतर वारा सुटेल म्हणून. बाकीच्यांनी होड्या वर ओढल्या. धनेश आणि सगुणाचा धाकटा भाऊ सदा मात्र पहाटेच आपापल्या होड्या घेऊन खांदेरी बेटाच्या पलीकडे गेले होते. "बारापर्यंत येतो," म्हणाले. बारा वाजले, एक वाजला आणि दक्षिणेकडून आभाळ काळं होत आलं. मग वारा असा सुटला की खताच्या कारखान्याचा धूर आडवा होऊन जमिनीला टेकला. फोन लावला तर दोघांचेही बंद.

सदाची बायको रंगू तिच्या शेजारीच उभी होती. रंगूचं तोंड म्हणजे चालू नळ, पण आज ते बडबडणंसुद्धा बरं वाटावं असं होतं.

"वन्सं, तुमी कशाला जीव टांगनीला लावताव? आलं न्हाय तर नांगर टाकून पडलं असतील. तुमचा दोर तर करकरीत नवा. भीती असंल तर मला. आमचा दोर पार मेलेला हाय, कालच खडकाला घासून आला."

सगुणानं "व्हय" म्हटलं आणि पदर तोंडाशी धरला. रंगूला वाटलं, वाऱ्यानं धरला असेल.

कसला करकरीत नवा! त्या दोराची गोष्ट एकट्या सगुणाला ठाऊक होती. जुलैत ती उरणला मावशीकडे गेली होती. तिथे बुधाजी म्हणून एक म्हातारा भंगारवाला, मोठ्या जहाजांवरून उतरलेले दोर विकायचा. सगुणानं एक वेटोळं उचललं. किंमत ऐकून तिचे डोळे चमकले. अलिबागच्या दुकानात त्यात चौथाई दोरसुद्धा आला नसता. बुधाजी बिचारा सरळ माणूस. तो म्हणाला, "बाय, कशाला पायजे? कुंपनाला असंल तर ने. होडीला नको. उन्हानं खाल्लेला हाय."

"कुंपनालाच," सगुणा म्हणाली.

घरी येऊन तिनं दोराचा पीळ उलटा फिरवून उघडून पाहिला. जाळी विणणारी बाई ती, तिच्या बोटांना सांगावं लागतं काय? आतून पांढरं पीठ तळहातावर उतरलं. तेव्हाच तो दोर उकिरड्यावर टाकला असता तर पुढचं काही घडलंच नसतं. पण स्वस्तात मिळालेली वस्तू टाकायची म्हणजे सगुणाच्या जिवावर यायचं. तिनं दोर साबणानं घासून धुतला, घरात पडलेल्या अलिबागच्या दुकानाच्या पिशवीत भरला आणि तिथूनच आणला म्हणून धनेशपुढे ठेवला. त्यांच्या घरात मोसम सुरू व्हायच्या आधी नव्या सामानाला हळद लावायची रीत. त्या दिवशी सगुणाचा हात जरा जास्तच सढळ होता. जिथे जिथे दोर विटका दिसत होता तिथे तिथे तिनं हळद चोपडली. धनेश हसला, "दोराचं लगीन लावतंस काय?" आणि नारळ फोडला. नव्या दोरासाठी धनेशनं दिलेल्या पैशांतून जे उरले त्यांत सगुणानं मासे विकायला बसताना लागणारी बर्फाची मोठी पेटी घेतली. पेटी चांगली होती, तिच्याबद्दल तक्रार नाही.

अडीच महिने काही झालं नाही. समुद्र शांत होता, नांगर फार टाकावा लागला नाही. सगुणा मनाशी म्हणायची, बघ, उगाच घाबरत होते. आणि आज हा वारा.

रंगूला सांगून टाकावं, असं तिला तीनदा वाटलं. तीनदा शब्द ओठांवर आले नि मागे फिरले. सांगून काय होणार? इथे उभं राहून दोर काय बदलता येतो? उलट सगळ्या कोळीवाड्यात डंका पिटला जाईल, सगुणानं चार पैशांसाठी नवऱ्याला फाशी दिली. ती मनातल्या मनात देवी आईला आळवत राहिली, माझा माणूस आण, नारळ काय, साडीचोळी नेसवीन, बाकी काही मागत नाही. खोटं कशाला बोला, त्या दोन तासांत तिला सदाची आठवणसुद्धा झाली नाही.

साडेतीनच्या सुमाराला रंगूच ओरडली, "आली! वन्सं, आली होडी! तुमचीच!"

लाटांवरून एक होडी आपटत, पाणी उडवत येत होती. पुढे लावलेलं भगवं फडकं सगुणानंच शिवलेलं. तिला हुंदकाच फुटला. ती गुडघाभर पाण्यात धावली, धनेश उतरला तशी त्याच्या दंडाला धरून रडली, मग हसली, मग त्याच्याच पाठीत एक धपाटा घातला. धनेशचे ओठ निळे पडले होते.

"नि आमचं?" रंगूनं मागून विचारलं.

"हाय, बरा हाय," धनेश धापा टाकत म्हणाला. "मशीन बंद पडलंय त्याचं. मी टोचन बांधायला गेलतो, पन लाटा अशा की दोन्ही होड्या एकमेकीवर फुटल्या असत्या. त्यानंच हात करून सांगितलं, भावजी, तुमी जा, मी नांगर टाकतो, वारा उतरला की या. टाकला नांगर. धरला झकास."

"आवो, पन त्यांचा दोर..." रंगू पुढे आली.

"तुझ्या नवऱ्याचा दोर कुठला? सकाळीच बघितला मी, पार कुजलेला. म्हनून आमचा नवा काढून त्याला दिला. माझा जुना अजून दोन महिनं चालतोय. नवा दोर हाय म्हनून तर त्याला सोडून आलो, न्हायतर आलो असतो काय? चल, च्या ठेव. अंधार पडायच्या आत वारा पडंल, मग वाड्यातल्या हर्षदची मोठी होडी घेऊन जातो."

रंगूनं दोन्ही हात जोडले. आधी धनेशला, मग सगुणाला. "वन्सं, तुमचं लई उपकार झालं," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

सगुणाच्या पायाखालची वाळू खरोखरच लाटेनं ओढून नेली होती, पण तिला ते कळलं नाही. तिचा सदा. आई गेल्यावर हिनंच कडेवर वाढवलेला. तो त्या पिठाच्या दोराला लटकून होता, वारा सरळ उंदेरी बेटाच्या खडकांकडे ढकलत होता, आणि हे लोक चहा प्यायला निघाले होते. कारण दोर नवा होता. नवा आहे असं तिनं सांगितलं होतं.

"थांबा," ती म्हणाली. धनेश चार पावलं पुढे गेला होता. मग ती किंचाळलीच, "अवो थांबा! त्यो दोर नवा न्हाय!"

"काय?"

"उरणचा हाय. भंगारातला. आतून पीठ झालंय त्याचं. मी धुऊन आनला, हळद लावली. त्यो न्हाय धरनार. आत्ता जा, वारा पडायची वाट बघू नका, त्यो तिथं नसंलच आता, खडकाकडं गेला असंल. खडकाकडं बघा!"

धनेश तिच्याकडे बघत राहिला. त्यानं तिला शिवी दिली असती, हात उगारला असता तरी तिला बरं वाटलं असतं. तो वळला आणि हर्षदच्या नावानं हाका मारत धावत सुटला. हर्षदची सहा सिलेंडरची होडी बाहेर निघायला दहा मिनिटं लागली. तेवढ्यात निम्मा कोळीवाडा किनाऱ्यावर जमला. चौघं जण गेले, धनेश पुढे उभा होता, आणि त्यानं एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

रंगू खाली वाळूत बसली होती. तिचं तोंड पहिल्यांदाच बंद होतं. मान वर न करता तिनं विचारलं, "दुपारपास्नं तुमाला ठाव व्हतं?"

"व्हय."

"नि मी तुमाला धीर देत बसले."

सगुणा दोन हात अंतर ठेवून बसली. जवळ जायची तिची हिंमत झाली नाही. मघाशी मागितलेलं देवी आईनं दिलं होतं, माझा माणूस आण, बाकी काही नको. आता दुसऱ्यांदा तोंड कसं उघडायचं? तरी तिनं उघडलं. मला ने, म्हणाली, पण त्याला आण.

सूर्य बुडता बुडता इंजिनाचा आवाज आला. पुढे हर्षदची होडी आणि मागे टोचन बांधलेली सदाची. किनाऱ्यावर आरडाओरडा झाला. रंगू धावली. सगुणा वाळूतच बसून होड्यांतली माणसं मोजत राहिली.

सदा उतरला, लटपटत. उजव्या तळहाताला फडकं बांधलेलं, ते रक्तानं भिजलेलं. बायकोच्या खांद्यावर हात ठेवून तो तसाच सगुणाकडे आला आणि चक्क तिच्या पाया पडायला वाकला.

"बाय, तुझ्या दोरानं वाचवलं गो! अर्धा तास धरून राह्यला, मग तुटला. खडक शंभर हातांवर आलता नि हर्षदची होडी पोचली. माझा जुना असता तर पयल्याच हिसक्याला गेलो असतो."

धनेश बाजूला उभा राहून वाळूकडे बघत होता. त्यानं वाटेत सदाला दोराचं काही सांगितलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्या एका क्षणी सगुणा सुखावली. भाऊ जिवंत होता, आपल्या तोंडानं उपकार मानत होता. आता मिटलं, झाकली मूठ, घरी जाऊन सगळं विसरावं. तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

रंगूनं ते पाहिलं. नवऱ्याला धरून ती दोन पावलं चालली, मग त्याला उभा करून एकटीच परत आली आणि सगुणाच्या कानाशी वाकून बोलली.

"निम्मा दोर अजून होडीतच हाय, वन्सं. हात बरा झाला की त्यो त्यालाच गाठ मारून परत दर्यात जाईल. मी न्हाय सांगनार. तुमी सांगा."

सगुणा हाताचा टेका देऊन उठली. सदाच्या पुढ्यात जाऊन तिनं त्याचा धड हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"सदा, खाली बस," ती म्हणाली. "मला तुला कायतरी सांगायचंय."