लेंपीच्या घरातले अकरा महिने

मित्रांनो, दारात पाऊल ठेवल्यापासून निघायच्या दिवसाची वाट पाहणारा पाहुणा तुम्ही कधी पाहिला आहे का? मी तसा आहे. पाय मोडलेल्या माणसाला पुन्हा चालते करायचे आणि त्याच्या घरातून निघून जायचे, हेच माझे काम. मी एक जुना वॉकर आहे.

ओहायोतल्या एका कारखान्यात ॲल्युमिनियमच्या नळ्या वाकवून मला घडवले. तिथून मी मिशिगनच्या अगदी उत्तरेला, हॅन्कॉकच्या चर्चमध्ये आलो. ज्याला गरज असेल त्याने मला चर्चच्या तळघरातून न्यायचे आणि बरे झाल्यावर आणून द्यायचे, असा रिवाज. खाणीत उमर घालवलेला एक म्हातारा मला ‘माझा घोडा’ म्हणत असे. एका निवृत्त शिक्षिकेने माझ्या मुठींना लाल लोकरीची आवरणे विणली. माझे असे खूप लाड झाले, पण सहा-आठ आठवड्यांपेक्षा जास्त मी कुठे रमलो नाही.

मग मी लेंपीच्या घरी आलो.

लेंपी सत्तरीची. फेब्रुवारीत तिचा नवरा रेइनो गाडी चालवत असताना वळणावर गाडी बर्फावरून घसरली आणि झाडावर आदळली. रेइनोला खरचटलेसुद्धा नाही. लेंपीच्या खुब्याचे हाड मोडले. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगे, “हरीण आडवं आलं.” हे सांगताना तिची बोटे माझ्या मुठींवर आवळली जात. इतकी, की लोकरीखालच्या माझ्या नळीलाही ती रुतत.

व्यायाम शिकवायला एक बाई येत असे. तिच्या हाताखाली लेंपी भराभर सुधारत होती. पण दोन महिन्यांत म्हातारपणाच्या आरोग्य विम्याने हात आखडता घेतला आणि ती बाई यायची थांबली. तिथेच आमचे चालणे अडकले. पलंग ते न्हाणीघर, न्हाणीघर ते स्वयंपाकघर. उन्हाळा गेला, पाने पिवळी झाली, पुन्हा खिडकीपर्यंत बर्फ साचले. माझ्या पायांची रबरे झिजून धातू फरशीवर वाजू लागला. मी तिला चालवत नव्हतो, मित्रांनो. मी तिला नुसता धरून ठेवत होतो, आणि जीव नुसता तळमळत होता.

रेइनो तर बसायचेच विसरला होता. स्वयंपाक तो करी, कपडे तो धुई, तिला आंघोळ तो घाली. काम संपले की चुलीपासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून चुलीपर्यंत फेऱ्या मारी. कॉफीसुद्धा उभ्यानेच पीत असे.

अपघातानंतर काही दिवसांनी गाडीच्या विमा कंपनीकडून एक जाड पाकीट आले होते. लेंपीने ते वाचले आणि टेबलक्लॉथच्या खणात तळाशी सारले.

“काय आलंय?” रेइनोने विचारले होते.

“जाहिरात,” ती म्हणाली होती.

रेइनोने पाकिटावरचे नाव वाचलेले होते. तरी त्याने तो खण उघडला नाही. तो फिरायला बाहेर गेला की लेंपी माझ्याशी पुटपुटे, “अपघात कसा झाला ते लिहा म्हणे. म्हणजे नवऱ्याकडं बोट दाखवा आणि पैसे घ्या. त्यापेक्षा लंगडी बरी मी.”

जानेवारीच्या शेवटी हिल्मा आली. चर्चचे तळघर ती सांभाळते. बुटांवरचे बर्फ झाडत दारातूनच ओरडली, “लेंपे, माझा वॉकर कुठाय? दोन महिन्यांसाठी नेलास, अकरा झाले! अंडी उबवतेस की काय त्याच्यावर?”

मग तिने लेंपीला माझ्यासह स्वयंपाकघरात येताना पाहिले, आणि तिची थट्टा तिथेच विरली.

“अगं, तू अजून अशी? व्यायाम कोण घेतं तुझा?”

“कोणी नाही. आमचा विमा तेवढाच होता.”

“आणि गाडीचा?”

“आम्हाला कोर्टकज्जे करायचे नाहीत, हिल्मा.”

हिल्माने तीस वर्षे विमा एजंटाच्या कचेरीत काढली होती. तिने कोट काढला आणि खुर्ची ओढली.

“कोर्ट कुठून आलं मध्येच? आपल्या राज्यात अंगाला इजा झाली की आपल्याच गाडीचा विमा उपचाराचं बघतो. चूक कुणाची, हे त्यासाठी विचारतच नाहीत. दवाखाना, व्यायाम, तुझा हात धरणारं माणूस. तू करायचीस ती घरातली कामं दुसऱ्यानं केली, तर त्याचेही थोडेफार पैसे मिळतात.”

“पण हरीण...”

“हरणाची चूकही विचारत नाहीत.”

लेंपीला हसू आले नाही.

“एकच अट आहे,” हिल्मा म्हणाली. “अपघातापासून वर्षाच्या आत लेखी कळवावं लागतं. तारीख कोणती?”

“बारा फेब्रुवारी.”

“म्हणजे दोन आठवडेही नाहीत! कंपनीनं अर्जाचा कागद पाठवला असेलच, काढ तो. आणि घडलं तेच लिहायचं. खोटं लिहिलंस, तर मात्र मिळायचं तेही जाईल.”

खिडकीजवळच्या फेऱ्या थांबल्या.

“हरीण नव्हतं,” रेइनो म्हणाला.

“रेइनो, गप्प बस.”

“अकरा महिने गप्पच आहे मी. पायाशी थर्मास घरंगळला. तो उचलायला मी वाकलो. ही ओरडली, ‘वळण!’ तोवर उशीर झाला होता.”

हिल्माने पेन पुढे केले. “हेच लिही. एवढंच.”

खणाच्या तळातून पाकीट काढून तो ओट्याशी उभ्यानेच लिहू लागला. चार ओळींना त्याला बराच वेळ लागला. हिल्मा पाकीट घेऊन थेट टपालकचेरीत गेली.

दार बंद झाले आणि लेंपीचा बांध फुटला. “सांगितलं होतं मी, हळू चालव! दोनदा सांगितलं! ऐकतोस कधी माझं? माझा पाय गेला रे त्या दीड दमडीच्या थर्मासापायी!” प्रत्येक शब्दागणिक ती माझे पाय फरशीवर आपटत होती. अकरा महिन्यांत तिने रागाचा एक शब्द काढला नव्हता. ते सगळे तिने त्या दुपारी बोलून घेतले.

रेइनोने ऐकून घेतले. मग खुर्ची ओढून तो तिच्यासमोर बसला.

पैसे काही लगेच आले नाहीत. कंपनीने प्रश्न विचारले, आपल्या डॉक्टरकडून तपासणी मागितली. हिल्मा दर सोमवारी फोन लावून कंपनीच्या माणसांना भंडावून सोडत होती. काही बिले कंपनीने नाकारली ती नाकारलीच. पण मार्चअखेर व्यायामवाली बाई परत आली. इतके दिवस वाया गेल्यामुळे पाय पहिल्यासारखा होणार नाही, हे तिने स्पष्ट सांगितले. तरी जूनमध्ये लेंपी काठी घेऊन अंगणात उतरली. मी दाराशीच राहिलो. तिने मागे वळून पाहिलेही नाही, आणि मला फार बरे वाटले.

आता मी तळघरात आहे. पायांना नवी रबरे बसली आहेत. जिन्यावर पाऊल वाजले की मला निघायची घाई होते. मित्रांनो, तुमच्याकडे नियम वेगळे असतील, कागदही वेगळे असतील. पण घरात कोणी अपघातात जायबंदी झाले, तर आलेले पाकीट उघडा, जाणत्या माणसाला दाखवा आणि मुदत विचारा. लाजेने किंवा मायेने कागद खणात लपवू नका. एकदा वाया गेलेला महिना मला कोणाच्या पायात परत घालता येत नाही.