हवेतला कुत्रा

ते १९५७ साल. मे महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी थेल्मा हौदावर उभी राहून कुत्रे धुवत होती. हॉलिवूडच्या त्या स्टुडिओत तिची एकोणीस वर्षं कार्टूनं रंगवण्यात गेली होती. कॅमेऱ्याचं काम झालं की चित्रांचे पारदर्शक ताव धुऊन पुन्हा वापरायचे, ही तिथली रीतच.

दिग्दर्शक ऑर्विल लुंडग्रेन आत आले आणि दारातच थबकले.

“थेल्मा, हा माझा कुत्रा आहे.”

“हो. वरून चिठ्ठी आली, सगळे ताव धुवा म्हणून. मला वाटलं, तुमचं चित्रण काल आटोपलं.”

“काल मी दाताच्या डॉक्टरकडे होतो. चित्रण उद्या आहे.”

थेल्माचे हात पाण्यातच राहिले. चार महिन्यांचं काम तपकिरी फेस होऊन मोरीत चाललं होतं.

“त्यांना सांग की गं,” मागच्या टेबलावर रंगकाम करणारी मेबल म्हणाली. मग तिनंच सांगून टाकलं, “कार्टूनचं खातंच बंद झालंय, मिस्टर लुंडग्रेन. आजपासून. फाटकावर कागद लावलाय. जुनी कार्टूनं पुन्हा दाखवली तरी लोक तेवढेच हसतात म्हणे.”

लुंडग्रेन स्टुलावर बसले. “जुनी म्हणजे माझीच ना?”

“तुमचीच.”

“बघ, चांगली केली ही चूकच झाली.”

कुणी हसलं नाही. कुत्रा शिडीवरून पडण्याआधी हवेत किती थांबला की लोक हसतील, यातच त्यांचं सारं कसब होतं. या वेळी अकरा चित्रं, असं त्यांनी ठरवलं होतं. आठ पुरेत म्हणणाऱ्याला पटवायला या पंचावन्न वर्षांच्या माणसानं घड्याळ हातात धरून टेबलावरून तीनदा उडी मारून दाखवली होती.

“किती उरलेत?” त्यांनी विचारलं.

थेल्मानं मांडणीवर पाहिलं. “एक. अकरातला सातवा.”

“त्यात कुत्रा पडलाय?”

“नाही. अजून वर आहे.”

त्यांनी मान हलवली, खुंटीवरची टोपी घेतली आणि गेले.

पुढे ते टीव्हीसाठी साबणाच्या जाहिराती करत राहिले आणि १९७१ साली वारले. मेबल फ्रेस्नोला बहिणीकडे गेली, तिथं तिनं पडदे शिवले. रंगखोलीत स्टुडिओनं जुन्या खुर्च्या भरल्या. थेल्मानं पुन्हा ब्रश धरला नाही. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत तो एक ताव आहे. रंगाचे पोपडे निघालेत, एक कानही गेलाय. कुत्रा मात्र अजून खाली आलेला नाही.